आजीच्या डायपरवर फुलं काढावीत का?

काही प्रश्न पेशंट चपला घालता घालता विचारतात. तपासणी झालेली असते, चिठ्ठी हातात असते, पुढचा पेशंट आत येऊन उभा राहिलेला असतो, आणि मग दाराशी थांबून, "मॅडम, एक विचारू का?" इतक्या वर्षांत मला कळलेलं एवढंच, की खरं दुखणं बऱ्याचदा या शेवटच्या वाक्यात असतं.

असाच एक प्रश्न साताऱ्याच्या दवाखान्यात आला. आजी कोरेगावकडच्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत पण स्वतःच्या पायांनी चालणाऱ्या. बरोबर कॉलेजात जाणारी नात. तिने पिशवीतून एक कोरा डायपर काढला आणि टेबलावर ठेवला. त्याच्या पांढऱ्या पाठीवर तिने कापडावर वापरायच्या रंगांनी प्राजक्ताची फुलं काढली होती. केशरी देठांसकट, फार सुरेख.

"आजी घालतच नाही हो. म्हणते, मढ्यावर टाकायच्या कापडासारखं दिसतंय. म्हणून मी रंगवलं. चालंल ना?"

मी हसले. घाईत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते जरा अतीच वाटलं. म्हटलं, "अगं, आतून घालायची वस्तू आहे. कोण बघतंय?"

आजी जमिनीकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "मी बघती की."

पुढच्या पेशंटला मी पाच मिनिटं बाहेर बसवलं. आजींशी नीट बोलल्यावर कळलं, की डायपर घालायचा नाही आणि लुगडं भिजू द्यायचं नाही म्हणून त्यांनी स्वतःच एक उपाय काढला होता. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट पाणी, आणि दुपारी चारनंतर पाण्याला शिवायचंच नाही. वर्षभर हे चाललं होतं. त्यामुळे लघवी घट्ट आणि जळजळीत, पोट आठवडा-आठवडा साफ नाही, आणि या दोन्हींमुळे लघवीची घाई आणखी वाढलेली. भजनाला जाणं बंद. लेकीकडे सांगलीला जाणं बंद. एसटीचा प्रवास पंच्याहत्तरीनंतर २०२२ पासून फुकट झाला आहे, कार्डही त्यांनी काढलेलं होतं. पण सातारा, कराड, पेठ, आष्टा करत सांगली गाठायला तीन तास लागतात, आणि मधल्या स्टँडवर गाडी थांबते तेवढ्या वेळात काठी टेकत मुतारी गाठून परत येणं त्यांना जमणारं नव्हतं. तिकीट फुकट होऊनही आजी घरातच.

म्हणून "कोण बघतंय?" हा माझा प्रश्न चुकीचा होता. जो घालतो तो बघतो. दिवसातून चार वेळा बघतो.

माझं मत आधीच सांगून टाकते, मग कारणं. नक्षी जरूर करा, लाड म्हणून हसण्यावारी नेऊ नका. पण ती डायपरवर करू नका, डायपरवरून घालायच्या सुती खोळीवर करा. आणि नक्षी कोणती, रंग कोणता, हे ज्याच्या अंगावर ते चढणार आहे त्याला ठरवू द्या.

डायपरवर का नको, हे कळण्यासाठी डायपर काय असतो ते थोडं बघू. वरून तो कापूस-कागदासारखा वाटतो. पण अंगाला लागतो तो प्लास्टिकच्याच धाग्यांचा, न विणलेला पातळ थर. त्यातून लघवी पटकन खाली उतरते आणि वरचा भाग त्यातल्या त्यात कोरडा राहतो. मधे लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा थर असतो आणि त्यात सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट नावाच्या पदार्थाचे साखरेसारखे बारीक दाणे मिसळलेले असतात. हे दाणे साध्या पाण्यात आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतात. लघवीत क्षार असल्यामुळे तिथे ही ताकद बरीच घटते, तरी साधारण तीस-चाळीस पट राहते. ओला डायपर जड आणि जेलीसारखा लागतो तो यामुळे. सर्वांत बाहेर पॉलीइथिलीनचा पडदा. बऱ्याच डायपरांत या पडद्याला डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात. पाण्याचा थेंब त्यातून बाहेर येत नाही, पण वाफ निघून जाते.

नातीच्या रंगाची पहिली अडचण इथे येते. मातीच्या माठाला बाहेरून ऑइलपेंट लावलात तर पाणी गार होणार नाही, हे कुणालाही सांगावं लागत नाही. डायपरच्या पडद्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचा थर दिला की तेच होतं. वाफ आत कोंडते, कातडी उबते, आणि उबलेली कातडी घासली की सोलवटते. आमच्या भाषेत त्याला ओलाव्याचा त्वचादाह म्हणतात. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, कातडीचा नैसर्गिक आंबटपणा कमी होतो, त्यात शौचाचा अंश मिसळला की त्यातले पाचक रस कातडीच खाऊ लागतात. वर बुरशी धरते ती वेगळीच: जांघेत लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेने सुटे सुटे लाल ठिपके दिसले तर ते घामोळं समजू नका.

दुसरी अडचण साधी आहे पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. अनेक डायपरांच्या बाहेरून मधोमध एक पिवळी रेघ असते. आत ओलं झालं की ती निळसर किंवा हिरवट होते. कपडे काढायला न लावता, झोपमोड न करता बदलायची वेळ कळावी म्हणून ती ठेवलेली असते. त्या रेघेवर तुम्ही सुंदर वेल काढलात की ती दिसणार कशी?

इस्त्रीने चिकटवायची चित्रं मिळतात, ती तर अजिबातच नको. पॉलीइथिलीन सव्वाशे अंशांच्या आतबाहेर वितळतं आणि सुती कपड्यांवर फिरवायची इस्त्री दोनशेच्या आसपास असते. सुई-दोऱ्याने लेस किंवा काठ शिवला तर प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि लघवीला भोक शोधून द्यावं लागत नाही. टिकल्या, मणी, बटणं, आरसे यांच्याबद्दल मी जरा कडक आहे. ज्या व्यक्तीला मधुमेहामुळे बधिरपणा आला आहे किंवा जी स्वतःहून कूस बदलू शकत नाही, तिच्या कमरेखाली अडकलेला एक मणी रात्रभरात जखम करू शकतो. आणि विस्मरणाचा आजार असलेली माणसं चिकटवलेल्या वस्तू उचकटतात, कधी तोंडातही घालतात.

तिसरं कारण मात्र कुठल्याही पुस्तकातून नव्हे, घराघरातून बघितलेलं आहे. मेहनत घेतलेला डायपर फेकवत नाही. आधीच एक नग तीस ते साठ रुपयांच्या घरात जातो. दिवसाला तीन-चार लागले तर महिन्याचा हिशोब करून बघा. त्यामुळे "अजून जरा चालेल" हे सगळ्याच घरांत ऐकू येतं. त्यात नातीने तासभर बसून प्राजक्त काढलेला असेल, तर आजीसुद्धा म्हणणार, राहू दे, संध्याकाळी बदलू. ज्या वस्तूचा सगळा उपयोग वेळेवर फेकून देण्यात आहे, तिला जपण्याजोगी करू नये.

आता खोळीकडे येते, कारण मला खरं बोलायचं आहे ते तिच्याबद्दल.

आपल्याकडे बाळ यायच्या आधी बाळंतविडा तयार होतो. टोपडं, कुंची, झबलं, दुपटी, लंगोट. जुन्या मऊ लुगड्यातून कापलेलं कापड, त्यावर रंगीत दोऱ्याचे टाके, कुंचीला गोंडे. हे सगळं कशासाठी? जे बाळ दिवसातून वीस वेळा भिजवणार आहे आणि ज्याला रंगसुद्धा धड दिसत नाहीत, त्याच्यासाठी. कुणी विचारत नाही की कोण बघतंय. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला तेच भिजणं परत येतं, तेव्हा मात्र आपण मेडिकलमधून काळ्या पिशवीत गुंडाळलेलं पांढरं पाकीट आणतो आणि पलंगाखाली ढकलतो. त्या पाकिटात वाईट काही नाही, वस्तू उत्तमच आहे. पण साठीच्या पुढची माणसं २०११ च्या जनगणनेतच देशात दहा कोटींवर होती. सातारा-सांगलीच्या किती गावांत तरुण मंडळी पुण्या-मुंबईला आणि घरात म्हातारी दोघंच, हे तुम्हाला मी सांगायला नको. जावळी-पाटणकडच्या ज्या माणसांनी उभी हयात मुंबईत पाठीवर पोती वाहिली, ती आता गावाकडे परतली आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांना प्रोस्टेटने गाठलं आहे. त्यांच्यासाठी कुणी विडा शिवत नाही.

तर खोळ शिवायची कशी? मी शिवणकामात कच्ची आहे. पण कातडीला काय सोसतं ते सांगू शकते, बाकी तुमच्याकडच्या शिवणयंत्राला कळेल.

कापड जुनंच घ्या. वीस वर्षं धुतलेलं सुती लुगडं, पातळ किंवा धोतर यासारखं कापड विकत मिळत नाही. त्याचा सुटा रंग कधीच निघून गेलेला असतो, त्यामुळे अंगाला रंग लागण्याची भीती कमी, आणि नव्या कापडाची खळही नसते. नवं घेतलंत तर दोन-तीनदा धुऊन मगच शिवा. नायलॉन, सॅटिन, टेरिकॉट नको. आतून रेक्झिन किंवा प्लास्टिकचं अस्तर लावायचा मोह होतो, गळती थांबेल म्हणून. तो टाळा, नाहीतर रंग लावून जे बिघडत होतं तेच परत बिघडेल. आतली बाजू पांढरी किंवा फिकी ठेवा. कडेने गळालं असेल किंवा लघवीतून रक्त येत असेल तर ते दिसलं पाहिजे.

चालत्या-फिरत्या माणसाला सैल चड्डीसारखी खोळ सोयीची, कमरेला रुंद इलॅस्टिक किंवा नाडी. अंथरुणावर असलेल्यांना बाळाच्या लंगोटासारखी, पुढे बांधायची, म्हणजे कूस न बदलता सोडता येते. शिवणीच्या कडा बाहेरच्या अंगाला येऊ द्या. आपण कपडे शिवतो त्याच्या उलट. घातल्यावर कंबर आणि मांडी दोन्हीकडे दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. आणि नक्षी फक्त पुढे, पोटावर. कमरेचं खालचं हाड आणि दोन्ही खुबे जिथे टेकतात तिथे एकही टाका नको. कशिदा कितीही मऊ दिसला तरी त्याखाली गाठी असतात.

अशा चार-पाच खोळी असल्या की रोजच्या बदलायला पुरतात. गरम पाण्यात वेगळ्या धुवा, उन्हात वाळवा. दोरीवर वाळत घातलेली फुलाफुलांची खोळ शेजारणीला नुसती चड्डी वाटते, हाही एक फायदा, आणि तो छोटा नाही.

आणखी एक फायदा मला एका आजोबांनी सांगितला तेव्हा कळला. हे सांगलीचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते एका शाळेच्या वर्गात पंधरा-वीस कुटुंबांबरोबर होते. मिळालेला डायपर प्लास्टिकच्या पाठीचा होता आणि हलताना चुरचुर वाजत होता. पूर, घर, गाय हे सगळं बाजूला राहिलं आणि आजोबा दोन दिवस भिंतीला पाठ लावून हललेच नाहीत, का, तर आवाज येईल. शेवटी त्यांच्या बायकोने कुणाची तरी जुनी सुती लुंगी फाडून वरून घट्ट गुंडाळली आणि आवाज बंद झाला. सुती थर आवाज दाबतो. बाजारातल्या जाहिरातींत शोषण, गळती, वास सगळं असतं, पण हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. वासाचं मात्र सांगून ठेवते: वास खोळीने जात नाही, अत्तराने जात नाही, पावडरीने तर मुळीच नाही. बदलल्याने जातो.

आता नक्षी कुणाच्या आवडीची? इथे मला थोडं वाईट बोलावं लागणार आहे.

काही घरांत हौसेने डायपर किंवा खोळ सजवली जाते ती अस्वलं, ससे आणि "माझा सोनुला" लिहून. मुलांना, सुनांना ते गोड वाटतं, फोटो काढले जातात. ज्या माणसाने चाळीस वर्षं साखर कारखान्यात नोकरी केली, दोन पोरींची लग्नं केली, त्याच्या पोटावर अस्वल. बोलता येत नाही म्हणून ते गप्प असतात, त्याला पसंती समजू नका. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण असं आपण सहज म्हणून जातो, पण मूल आपलं भिजणं विसरतं आणि म्हातारा माणूस विसरत नाही. बाळंतविड्याची आठवण मी काढली ती त्यातल्या मायेसाठी, सशांसाठी नव्हे. आणि फोटो तर कधीच नको. नातेवाइकांच्या ग्रुपवर सुद्धा नको.

उलट, सजावटीला वयाची लाज नसते, हे जपान्यांनी दाखवलं आहे. टोकियोत २००८ साली मोठ्यांच्या डायपरांचा चक्क फॅशन शो झाला. तिथल्या ओजी या मोठ्या कागद कंपनीने तर २०२४ मध्ये लहान मुलांचे डायपर बनवणं आपल्या देशापुरतं बंद केलं आणि मोठ्यांच्या डायपरांवर भर द्यायचं ठरवलं. तो देश आपल्यापेक्षा म्हातारा आहे म्हणून हे प्रश्न तिकडे आधी पोचले. आपल्याकडेही येतायत, एसटीने का होईना.

ज्यांना तरीही डायपरवरच काहीतरी करायचं असेल, त्यांच्यासाठी एक जागा मी सोडते. पुढे पोटावर जिथे चिकटपट्ट्या बसतात, त्या पट्टीच्या वरच्या कडेला साध्या बॉलपेनने बारीकसं काही काढा. त्याहून चांगलं म्हणजे तिथे वेळ लिहा. "स. ७." सकाळी कुणी बदललं, दुपारी कोण बदलणार, यावरून घरोघरी जे वाद होतात ते या दोन अक्षरांनी मिटतात. उग्र वासाचे पक्के मार्कर मात्र नकोत. त्यातली रसायनं ओल्या, बंद कातडीजवळ न्यायची गरज नाही.

इथवर वाचून तुम्ही खोळ शिवायला बसणार असाल तर एक मिनिट थांबा. डॉक्टर म्हणून माझी खरी तक्रार वेगळीच आहे. लघवीवर ताबा राहत नाही म्हटल्यावर घरचे लोक थेट मेडिकलमध्ये जातात, दवाखान्यात येत नाहीत. डायपर हे औषध नाही. छत्रीने पाऊस थांबत नाही.

कितीतरी कारणं बरी होणारी असतात, निदान कमी होणारी. लघवीतलं इन्फेक्शन. वाढलेली साखर. बद्धकोष्ठ. सूज किंवा बीपीसाठी दिलेली लघवीची गोळी, जी सकाळी घ्यायची ती संध्याकाळी घेतली जाते. पुरुषांमध्ये प्रोस्टेट, तिथे तर कधी मूत्राशय पूर्ण भरून वरून नुसतं ठिबकत असतं, आणि डायपर लावून आपण तो आजार महिनोन्‌महिने झाकून ठेवतो. बायकांमध्ये अंग बाहेर येणं. बाळंतपणानंतर दीड महिन्यात उसाच्या मोळ्या डोक्यावर घेतलेल्या बायका मी रोज तपासते. खोकलं, शिंकलं, वजन उचललं की थेंब जातो, हे त्या पन्नाशीपासून सहन करत असतात आणि "बाईच्या जातीला असायचंच" म्हणून गप्प बसतात. असायचंच नसतं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, म्हणजे लघवी रोखताना जे आवळतो ते आवळून सोडणं, एका वेळी आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने न कंटाळता. त्याने बऱ्याच जणींचं गळणं कमी होतं. अंग खाली आलं असेल तर आत बसवायची रिंग असते, ऑपरेशनही असतं. घाई होत असेल तर घड्याळ लावून दर दोन-तीन तासांनी स्वतःहून जाऊन येणं, गरज पडली तर गोळ्या. पाणी तोडणं हा उपाय नव्हेच. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी मोजून दिलं असेल तर तेवढंच प्या, पण लाजेपोटी तोडू नका.

आणि एक गोष्ट वाट बघण्यासारखी नाही: ताबा अचानक गेला, त्याबरोबर कंबर दुखतेय, पायातली ताकद गेलीय किंवा जांघेत, बसायच्या जागी बधिर झालंय, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात न्या. मणक्यातल्या नसा दबल्या असू शकतात आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

डायपर लागणारच असेल तर रोजची काळजी अगदी थोडी आहे. ओला झाला की बदला, शौच झाली असेल तर लगेच. कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवा, घासू नका, मऊ कापडाने टिपा. मग व्हॅसलीन किंवा झिंकचं मलम अगदी पातळ. लोण्यासारखं थापलंत तर ते डायपरच्या वरच्या थराला चिकटतं आणि लघवी शोषलीच जात नाही. हळद नको, बोरिक पावडर नको, डेटॉलचं पाणी नको. वापरलेला डायपर कागदात घट्ट गुंडाळून वेगळा ठेवा. २०१६ च्या घनकचरा नियमांत तो गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं. कृष्णेत, ओढ्यात, संडासात टाकू नका. संडासात तो फुगतो आणि मग गावभर जाहीर होतं.

आजींचं काय झालं ते राहिलं. त्यांची लघवीची गोळी संध्याकाळची होती, ती सकाळी केली. पोट साफ व्हायला लागलं, पाणी वाढवलं, इन्फेक्शन होतं त्याचं औषध झालं. तीन महिन्यांनी डायपर फक्त रात्री आणि प्रवासाला लागू लागला. खोळ शिवायची ठरली तेव्हा नातीने परत प्राजक्ताची फुलं काढायला घेतली, तर आजी म्हणाल्या, फुलं नकोत. त्यांना काठ हवा होता. ट्रंकेत त्यांच्या आईची विरलेली इरकल होती, तिचा लाल काठ. तो कमरेला पुढच्या बाजूने लावला, आणि काठ जरा चरचरीत म्हणून त्याच्या आतून धोतराची मऊ पट्टी.

ती खोळ त्यांनी मला मुद्दाम दाखवायला आणली होती, तर शिवण आतल्या बाजूलाच आलेली. उसवून परत घालायला सांगितली. तुम्हीही शिवलीत तर येताना घेऊन या. लाजू नका, मला शिवण बघायची असते.